संगीतपटांतला इतिहास: बदल केला, पण त्यातून सुटलं कोण?

नेपथ्य (धागाकर्ता)

ऐतिहासिक संगीतपटाचा विषय निघाला की पहिले दहा प्रतिसाद ठरलेले असतात. बटणं त्या काळातली नव्हती, बंदूक वीस वर्षं नंतरची आहे, नऊवारी अशी नेसत नाहीत. चुका खऱ्या असतात, पण त्यांनी कुणाचं फारसं बिघडत नाही. इथे चर्चा हवी आहे ती दुसऱ्या जातीच्या बदलांवर: एखाद्याने दुसऱ्या माणसाचं जे केलं ते पुसायचं आणि वर त्यालाच टाळ्यांचं गाणं द्यायचं.

उदाहरणाला 'द ग्रेटेस्ट शोमन' (२०१७) घेऊ. गाणी बऱ्याच जणांना पाठ आहेत आणि फिनिअस टेलर बार्नम या इसमाची कागदपत्रंही भरपूर आहेत. चित्रपटातला बार्नम जगाने झिडकारलेल्यांना गोळा करतो, त्यांना रंगमंच देतो, घर देतो. खऱ्या बार्नमच्या तमाशेवाईक धंद्याची सुरुवात १८३५ मध्ये जॉइस हेथ या गुलाम स्त्रीपासून झाली. म्हातारी, आंधळी, हातपाय जवळजवळ लुळे. तिला लोकांपुढे मांडण्याचा हक्क त्याने १,००० डॉलरला घेतला, त्यातले निम्मे उसने काढून. जाहिरात अशी की बाई १६१ वर्षांची आहे आणि तान्ह्या जॉर्ज वॉशिंग्टनला तिने सांभाळलं आहे. बॉस्टनला गर्दी ओसरली तेव्हा वर्तमानपत्रात निनावी पत्र आलं की ही बाई खरी नाहीच, व्हेलचं हाड, रबर आणि स्प्रिंगा यांचं यंत्र आहे. लोक परत तिकीट काढून आले, आता खरं-खोटं पारखायला. फेब्रुवारी १८३६ मध्ये ती वारली. बार्नमने तिचं शवविच्छेदन न्यूयॉर्कच्या सिटी सलूनमध्ये करवलं, ५० सेंट तिकीट लावून, सुमारे १,५०० लोकांसमोर. डॉक्टरांनी वय फार तर ८० सांगितलं.

चित्रपटात जॉइस हेथ एका दृश्यातही नाही. तिथला बार्नम जहाज कंपनीतला नोकरी गेलेला कारकून. बुडालेल्या जहाजांची कागदपत्रं तारण ठेवून कर्ज काढतो आणि म्युझियम घेतो. म्हणजे लबाडी दाखवली आहे, पण फसली कोण, तर बँक. बँकेला फसवणारा नायक सगळ्यांनाच आवडतो.

तर प्रश्न असा: काळ आवळणं, दोन पात्रांचं एक करणं, पोशाख बदलणं, हे सगळं माफ करून उरतं ते कसं तपासायचं?

---

काळी चार

चांगला धागा. गाण्याच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, कारण साध्या चरित्रपटाचे नियम इथे तसेच्या तसे लागत नाहीत.

संगीतपटात पात्र संवादात खोटं बोलू शकतं, एकट्याच्या गाण्यात सहसा बोलत नाही. हा अलिखित करार आहे. स्वगत गाणं सुरू झालं की आता मनातलं येणार हे प्रेक्षक धरून चालतो. त्यामुळे संवादातलं असत्य 'हे पात्राचं मत' म्हणून सुटतं, गाण्यातलं असत्य थेट चित्रपटाचं म्हणणं होतं.

दुसरं, जागा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत नायकाचं 'मला अमुक हवंय' गाणं येतं आणि तिथे प्रेक्षक त्याच्या बाजूने जातो. इथे ते काम 'अ मिलियन ड्रीम्स' करतं: गरीब शिंप्याचा पोर, श्रीमंत घरची मुलगी, लहानपणापासून संसारापर्यंत एका गाण्यात. बार्नमची खरी बायको चॅरिटी स्वतःच शिवणकाम करून पोट भरणारी मुलगी होती. श्रीमंत सासरा गाण्याच्या सोयीसाठी जन्माला आला, कारण भिंत असल्याशिवाय उडी कशी मारणार? हा बदल मी माफ करतो. त्यात कुणी सुटलं नाही, सासऱ्याची थोडी बदनामी झाली एवढंच.

तिसरं, आकडे. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात दोनशे-अडीचशे शब्द बसतात. धृपद तीनदा येतं. म्हणजे नवी माहिती सांगायला उरतात शंभरेक शब्द. 'गुंतागुंत दाखवायला वेळ नव्हता' हे निर्माते म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शंभर शब्दांत काय होऊ शकतं याचं उदाहरण '१७७६' या संगीतपटात आहे, त्यावर कुणीतरी लिहाच.

---

बोरूबहाद्दर

विरोधी बाकावर बसतो.

हा चित्रपट स्वतःला चरित्र म्हणवत नाही. १८५० मध्ये ड्रम मशीन वाजतंय, गायक आजचं पॉप गातात. हा प्रामाणिकपणाच आहे की! जो चित्रपट कापडाचा धागा न् धागा अचूक ठेवून मधेच खोटं सरकवतो तो जास्त धोक्याचा, कारण तिथे प्रेक्षक सावध नसतो. इथे पहिल्या ठेक्यालाच कळतं की हे स्वप्नरंजन आहे.

आणि चित्रपट बार्नमला अगदीच सोडत नाही. स्वीडिश गायिका जेनी लिंडच्या मेजवानीत तो आपल्याच कलाकारांच्या तोंडावर दार लावतो. 'धिस इज मी' हे गाणं त्या बंद दाराबाहेर सुरू होतं, म्हणजे त्याच्याविरुद्धही आहे. दाढीवाली लेटी गाते, नायक गात नाही. 'नायकालाच टाळ्या' हे म्हणून चुकीचं.

जॉइस हेथ घेतली असती तर हा चित्रपट मुलांबरोबर बघता आला नसता. कौटुंबिक संगीतपट काढूच नयेत असं म्हणायचंय का?

---

मोडीवाचक

बोरूबहाद्दर, दाराचा मुद्दा बरोबर. पण त्या तक्रारीचं पुढे काय होतं ते बघा. म्युझियम जळतं, बार्नम दारूच्या गुत्त्यात बसलेला असतो आणि तेच कलाकार येऊन त्याची समजूत काढतात: तू आम्हाला कुटुंब दिलंस. मग 'फ्रॉम नाऊ ऑन', नाच, सगळं मिटलं. तक्रार त्यांची, माफीही त्यांनीच न मागता दिली, आणि त्याने काय भरपाई केली? हिशेब असा मिटवला की मग दार लावलेलं दृश्य नायकाची उंची वाढवायला कामी येतं.

आता तपासायचं कसं. सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे जन्मसाल. चित्रपटातल्या प्रत्येक खऱ्या किंवा खऱ्यावरून बेतलेल्या माणसाचं जन्मसाल एका ओळीत लिहायचं आणि शेजारी कथेतलं साल. इथे काय दिसतं?

चार्ल्स स्ट्रॅटन, म्हणजे जनरल टॉम थंब, जन्म जानेवारी १८३८. बार्नमला १८४२ च्या अखेरीस सापडला तेव्हा पाचाचाही नव्हता, उंची जेमतेम २५ इंच. जाहिरातीत वय ११. सुरुवातीचा पगार आठवड्याला ३ डॉलर आणि राहणं-खाणं. चित्रपटात तो जाणता तरुण आहे, विचार करून 'हो' म्हणतो. या एका बदलाने बालमजुरी गायब आणि संमती हजर. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की स्ट्रॅटन पुढे श्रीमंत झाला, बार्नमचा भागीदार झाला, आणि १८५६ मध्ये बार्नमचं दिवाळं निघालं तेव्हा त्याच्या मदतीला उभा राहिला. ही खरी गोष्ट चित्रपटापेक्षा कितीतरी रंजक आहे.

लेटी ज्या ॲनी जोन्सवरून घेतली असं म्हणतात तिचा जन्म १८६५ चा. म्युझियम जळालं तेही १८६५, १३ जुलैला. म्हणजे आगीपूर्वी गाणारी बाई त्या वर्षी पाळण्यात होती. ही निव्वळ काळाची ओढाताण, माफ.

जेनी लिंड: प्रत्येक कार्यक्रमाला १,००० डॉलर, कमाल १५० कार्यक्रम, आणि बार्नमने आगाऊ ठेवलेली रक्कम १,८७,५०० डॉलर. त्याने तिचं गाणं तोवर ऐकलंही नव्हतं. चित्रपटात राणीच्या दरबारात भेट, मग तिचा प्रेमाचा प्रयत्न, त्याच्याकडून नकार मिळताच तिचं सूड घेतल्यासारखं चुंबन, आणि त्यातून त्याचं दिवाळं. प्रत्यक्षात तिने करारातल्याच तरतुदीने १८५१ मध्ये करार संपवला, पुढचे कार्यक्रम स्वतः केले, मिळकतीचा मोठा भाग शाळा आणि धर्मादायाला दिला आणि फेब्रुवारी १८५२ मध्ये आपल्या पियानोवादकाशी लग्न केलं. बार्नम बुडाला तो घड्याळं बनवणाऱ्या जेरोम कंपनीच्या हुंड्यांवर सह्या करून. पुरुषाची धंद्यातली चूक बाईच्या नखऱ्यावर ढकलली, हा बदल माझ्या मते हेथच्या खालोखाल वाईट.

आणि सर्कस? तंबूची सर्कस १८७१ ची. तेव्हा बार्नम साठीचा होता.

---

नेपथ्य

मोडीवाचक +१. यात एक गंमत जोडतो. बार्नमने १८६५ मध्ये कनेटिकटच्या विधिमंडळात कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या बाजूने भाषण केलं होतं. त्याच माणसाच्या म्युझियममध्ये १८६० मध्ये एका कृष्णवर्णीय माणसाला 'हे काय आहे?' अशी पाटी लावून माणूस आणि माकड यांच्या मधला दुवा म्हणून उभं केलं होतं. डार्विनचं पुस्तक निघून तेव्हा काही महिनेच झाले होते. म्हणजे धुवून काढताना चित्रपटाने त्याचं सगळ्यात वाईट तर काढलंच, सगळ्यात बरंही काढलं. उरला तो कुठल्याही कारखान्यात मिळेल असा गोड स्वप्नाळू नायक.

'मुलांबरोबर बघता आला नसता' यावर: हेथला घेणं हा उपाय आपोआप होत नाही. १९८० च्या 'बार्नम' या ब्रॉडवे संगीतिकेत ती आहे. तिला गाणंही आहे, 'थँक गॉड आय ॲम ओल्ड'. चालीला उडतं, मजेदार. गुलाम म्हातारी आपल्या म्हातारपणाबद्दल देवाचे आभार मानत नाचते. काळी चार यांचा करार इथे लावा: गाण्यात पात्र खरं बोलतं, म्हणजे ती खरंच खूश होती. वगळण्यापेक्षा हे मला जास्त खटकतं. २०१७ च्या चित्रपटाने निदान तिच्या तोंडी आभार घातले नाहीत.

---

फेडआऊट

काळी चार यांनी '१७७६' चा हात पुढे केलाय म्हणून लिहितो. संगीतपटाची जबाबदारी मोजायची तर मी ठेवलेल्या गाण्यांआधी कापलेली गाणी बघतो. तीन उदाहरणं आहेत आणि तिन्हींत कारण वेगळं.

एक, '१७७६' (१९७२). अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरची चर्चा. यात 'मोलॅसेस टू रम' हे गाणं दक्षिणेचा रटलेज गातो: गुलामीबद्दल आम्हाला नावं ठेवता, पण काकवी, रम आणि गुलाम या व्यापाराची जहाजं कुणाची, बॉस्टनचीच ना? मधे लिलावाची बोली येते आणि सभागृह गारठतं. खलनायकाच्या तोंडी खरा आरोप, आणि आपल्या लाडक्या पक्षाकडे त्याचं उत्तर नाही. शंभर शब्दांत हे होतं. जेफरसनने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कलम घातलं होतं आणि ते काढलं गेलं, हे ऐतिहासिक सत्य. पण त्याच चित्रपटात जेफरसन सांगतो की मी माझे गुलाम मुक्त करायचं ठरवलंय. हे सपशेल खोटं. आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं त्याच्या मालकीची होती आणि मुक्त झाली ती बोटावर मोजण्याइतकी. एका वाक्याने नायक धुतला गेला. उलट १७७७ मध्ये आपल्या गुलामांच्या मुक्तीचे कागद खरोखर करणारा जॉन डिकिन्सन. त्याला चित्रपटाने प्रतिगाम्यांचा म्होरक्या केलं.

डिकिन्सन मंडळींचं गाणं 'कूल, कूल, कन्सिडरेट मेन'. आम्ही नेहमी उजवीकडे, डावीकडे कधीच नाही, असा त्याचा सूर. (डावं-उजवं हे फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचं, म्हणजे १३ वर्षं लवकर. चालतंय.) राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ते रुचलं नाही आणि त्यांच्या सांगण्यावरून निर्माता जॅक वॉर्नरने ते चित्रपटातून काढलं. नष्ट करायचा हुकूम होता, पण तुकडा टिकला आणि पुढच्या आवृत्त्यांत परत आला. १७७६ चा इतिहास १९७२ च्या मंडळींना टोचला म्हणून गेलेलं गाणं.

दोन, 'साउंड ऑफ म्युझिक', नाझी आले तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या कॅप्टन फॉन ट्रॅपच्या कुटुंबाची गोष्ट. १९५९ च्या नाटकात कॅप्टनचा मित्र मॅक्स आणि त्याची होणारी बायको एल्सा 'नो वे टू स्टॉप इट' गातात. नाझी येतातच आहेत, जग गोल फिरतं, आपण आपलं बघावं. कॅप्टन नाकारतो आणि त्याच मुद्द्यावर एल्साशी ठरलेलं लग्न मोडतं. १९६५ च्या चित्रपटात हे गाणं नाही. तिथे लग्न मोडतं ते कॅप्टनचा जीव मुलांची शिक्षिका मारिया हिच्यावर जडला म्हणून. एक गाणं गेलं आणि तडजोड करणारे, सभ्य, आपल्यासारखेच ऑस्ट्रियन लोक चित्रपटातून गेले. उरले शेवटी 'एडलवाइस' हे देशप्रेमाचं गाणं गाणारे. १५ मार्च १९३८ ला व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झवर हिटलरचं भाषण ऐकायला लाखांनी लोटलेली माणसं कुठल्याच गाण्यात नाहीत. ऑस्ट्रियाच्या चान्सलरने देशाच्या वाट्याची जबाबदारी संसदेत मान्य केली ती १९९१ मध्ये. चित्रपटामुळे उशीर झाला असं मी म्हणत नाही, पण 'आम्ही पहिले बळी' या कथेला त्याने जगभर सुंदर चाल पुरवली.

बाकी चुका त्यात पोत्याने आहेत. मारिया सातांची शिक्षिका म्हणून आली नव्हती, आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवायला आली होती. लग्न १९२७ चं, १९३८ चं नाही. कॅप्टन प्रेमळ होता, मुलांना बापाचं चित्र खटकलं. पळाले ते डोंगरावरून नाही, आगगाडीने इटलीत गेले. कॅप्टनचा जन्म झादरचा, ते गाव महायुद्धानंतर इटलीकडे गेल्याने त्याच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. साल्झबुर्गमागच्या ज्या डोंगरावर कुटुंब चढतं, तिथून पलीकडे उतरलं की जर्मनीच लागतो, हिटलरच्या बंगल्याच्या अंगणात. या सगळ्यांवर मी हसून पुढे जातो. कापलेल्या गाण्यावर मात्र अडतो.

तीन, 'हॅमिल्टन', अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनवरचा. रंगमंचावरचा प्रयोग, २०१६ मध्ये चित्रित, २०२० मध्ये घरोघरी पोचला. त्यात मंत्रिमंडळाच्या दोन रॅप-जुगलबंद्या आहेत. तिसरी गुलामीवर लिहिली होती आणि कापली. कच्चं ध्वनिमुद्रण वेगळं उपलब्ध आहे. युक्तिवाद असा की १७९० मध्ये त्या प्रश्नावर शेवटी कुणीच काही करत नाही, त्यामुळे नाट्य पुढे सरकत नाही. नाट्यशास्त्र म्हणून बरोबरच आहे. पण 'कुणीच काही केलं नाही' हीच तर बातमी होती.

---

सरळवाट

वाचतोय, वाचनखूण साठवली. मग आपल्याकडच्या 'पिंगा'चं काय? आणि 'घाशीराम'चं? तिथे तर रस्त्यावर उतरले लोक.

---

मोडीवाचक

'बाजीराव मस्तानी' (२०१५) वरून जो गदारोळ झाला तो बहुतांशी पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया अशा नाचतील का, अशा नेसतील का, यावर होता. त्यात तथ्य आहे. पिंगा हा मंगळागौरीचा, घरातल्या घरात खेळायचा खेळ. त्याचा समूहनाच करून काशीबाई आणि मस्तानी यांना त्यात समोरासमोर आणणं हा कल्पनाविलास. काशीबाईंचं पायाचं दुखणं सांगितलं जातं, ते धरलं तर आणखीच.

पण नेपथ्य यांची कसोटी लावली तर 'पिंगा'त सुटलं कोण? दोघी मनमोकळ्या नाचल्या की सवतींमधला प्रश्न दोघींनीच समजुतीने मिटवला असं वाटतं, आणि दोन्ही घरांचा धनी अलगद बाजूला होतो. साडीच्या ओच्यावर वाद घालताना हा भाग राहूनच गेला.

'घाशीराम कोतवाल'ची गोष्ट उलटी. १९७२ चं नाटक, १९७६ मध्ये त्यावर चित्रपटही झाला. कीर्तन, लावणी, अभंग यांवर उभं. घाशीराम खरा, १७९१ मध्ये पुण्यात कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचला, हेही खरं. त्याची मुलगी ललितागौरी आणि नाना फडणवीसांशी झालेला तिचा सौदा हे रचलेलं. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं सांगून ठेवलं होतं. इथे बदलाने सत्ताधारी सुटत नाही, अडकतो.

---

बोरूबहाद्दर

म्हणजे नाना फडणवीसांवर पुराव्याशिवाय बाईचा सौदा लावला तर चालतो, कारण ते सत्तेत होते? ही कसोटी सोयीची वाटते. मेलेला माणूस बलवान असला तरी बाजू मांडायला येत नाही.

---

मोडीवाचक

चालतो असं नाही म्हणालो. बार्नममधलं खोटं आणि घाशीराममधलं खोटं यांची दिशा वेगळी, एवढंच. नानांवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा कसोटीने खोडला जात नाही. फरक रूपात आहे: तिथे रंगमंचावर माणसांची भिंत, तीच कोरस, तीच गर्दी. पहिल्या मिनिटाला कळतं की हा खेळ आहे. तुम्ही ड्रम मशीनबद्दल म्हणालात तेच. पण ड्रम मशीन फक्त काळ खोटा आहे एवढंच सांगतं, बार्नमचा भलेपणा खोटा आहे हे सांगत नाही.

---

सरळवाट

बरं, आता कामाचा प्रश्न. परदेशातल्या एका मंडळासाठी सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांच्यावर पाऊण तासाची संगीत एकांकिका लिहायचं चाललंय. हे सगळं वाचून हात आखडले. सुरुवात कुठून करायची?

---

नेपथ्य

विषय फक्कड आहे, आणि बार्नमशी नातं सांगणारा आहे. आधी वेळेचा हिशेब. ४५ मिनिटांत सहापेक्षा जास्त गाणी नकोत, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर १८. उरलेल्या २७ मिनिटांतली चार-पाच नेपथ्यबदल, प्रवेश आणि टाळ्या खातात. बोलायला २२ उरतात, मिनिटाला ११० शब्दांनी साधारण २,४०० शब्द. एवढंच.

मग चार रकान्यांचा तक्ता. घटना, आधार, आपण केलेला बदल, बदलाचा फायदा कुणाला. आधाराच्या रकान्यात तीनच शब्द वापरायचे: नोंद, आठवण, आख्यायिका. छत्र्यांच्या बाबतीत पहिला खेळ मुंबईत २० मार्च १८८०, ही 'नोंद'. इटालियन सर्कसवाल्या कियारिनीने 'हिंदुस्थानी लोकांना सर्कस जमायची नाही' अशी फुशारकी मारली आणि छत्र्यांनी विडा उचलला, ही 'आख्यायिका' म्हणून लिहा. तिच्यावर गाणं करायचा मोह प्रत्येकाला होणार, कारण देशाभिमान आणि पैज दोन्ही आयती मिळतात. करा, पण सूत्रधाराच्या तोंडून 'असं सांगतात' म्हणून. कियारिनीला स्वगत देऊन त्याच्याकडून तुच्छता गाऊन घेऊ नका. स्वगत दिलंत की आख्यायिकेची नोंद झाली.

खरी अवघड जागा आहे रहिमतखाँ. छत्रे ग्वाल्हेरला घोडेस्वारीबरोबर हद्दूखाँकडे गाणंही शिकले. हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ, भूगंधर्व म्हणून गाजलेला, पुढे अफूने आणि मनाने खचलेल्या अवस्थेत भटकत होता. छत्र्यांनी त्याला आणलं, सांभाळलं, सर्कशीबरोबर फिरवलं आणि गायला बसवलं. गुरुपुत्राची सेवा म्हणायची की आजारी माणसाचं प्रदर्शन? दोन्ही म्हणता येतं आणि एकांकिका तिथेच आहे. चौथा रकाना इथे उपयोगी पडतो: रहिमतखाँ छत्र्यांचे आभार मानणारं गाणं लिहिलंत तर फायदा कुणाचा, ते लगेच दिसेल. हेथच्या गाण्याची तीच गत झाली होती. त्याला शब्द देऊच नका. ग्वाल्हेरची एखादी पारंपरिक चीज, दोन मिनिटं, अर्थ सांगायचा नाही.

जनावरांचं विसरू नका. सर्कशीचं गुणगान गाताना वाघ-हत्ती शोभेला उभे राहतात. निदान एक ओळ.

---

बोरूबहाद्दर

शेवटी पडद्यावर 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' अशी पाटी टाकली की झालं ना?

---

फेडआऊट

त्या पाटीने वकील खूश होतो, प्रेक्षकाला काही कळत नाही, कारण 'काही' म्हणजे कुठले हे ती सांगत नाही. टाकायचीच तर नेमकी टाका: 'पैजेचा प्रसंग आख्यायिकेवरून. रहिमतखाँ आणि विष्णुपंत यांचे संवाद रचलेले.' दोन ओळी, आठ सेकंद, आणि टाळ्यांच्या आधी. टाळ्या सुरू झाल्यावर कुणी वाचत नाही. छापील पत्रिका असेल तर तक्त्याचा 'आधार' रकाना तसाच छापा, अर्धं पान पुरतं.

---

काळी चार

आणखी एक, लिहिण्याआधीच ठरवून टाकायचं. टोचणारं गाणं कथेच्या वळणावर ठेवा. 'नो वे टू स्टॉप इट' चित्रपटातून काढता आलं, कारण लग्न मोडायला मारियाच्या प्रेमाचं दुसरं कारण हाताशी होतं. 'हॅमिल्टन'मधली तिसरी जुगलबंदी काढल्यावर कथेत भोक पडलं नाही. तालमीत वेळ पन्नास मिनिटांवर गेली की कात्री आधी अशाच गाण्यावर चालते, आणि मंडळाच्या कार्यक्रमात ती चालणारच, कारण मागे जेवणाच्या पंगती थांबलेल्या असतात. त्यामुळे रहिमतखाँची बैठक चौथ्या क्रमांकाला घ्या, आणि पुढचा प्रवेश तिच्यावर अवलंबून ठेवा: बैठक बघून सर्कशीतलाच कुणी छत्र्यांना विचारतो, आज तिकीट कशाचं लावलं होतं, घोड्यांचं की खाँसाहेबांचं? छत्र्यांचं उत्तर पाचव्या गाण्यात. मग चौथं काढलं की पाचवं अधांतरी, आणि कात्रीवाल्याला पैजेच्या गाण्यातलं एक कडवं कमी करावं लागेल. त्याची तीन कडवी तशीही जास्तच होतात.